मॉडिफाय केलेल्या स्लेडला कोणतं पेट्रोल भरायचं? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

जुनी स्नोमोबाइल, म्हणजे स्लेड, घेतली. आधीच्या मालकाने हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) बदललेलं, एक्झॉस्टचा पाइप बाहेरच्या कंपनीचा, आणि टाकीजवळचा ऑक्टेनचा स्टिकर मात्र मूळ कारखान्यातला. मिनेसोटा, मिशिगन, ऑन्टारियो किंवा क्वेबेकमध्ये राहून हिवाळ्यात हा नाद लावून घेतलेल्या मराठी मित्रांना इथेच पहिली अडचण येते: आता पंपावर कोणतं बटण दाबायचं? त्या स्टिकरवर विसंबता येत नाही, कारण तो ज्या इंजिनासाठी लावला होता ते इंजिन आता तसं उरलेलं नाही. ‘सगळ्यात महाग असेल ते भर’ हा सल्लाही अपुरा आहे. कधी महागातलं महाग पेट्रोलही कमी पडतं, तर कधी त्याची काडीची गरज नसते.

माझं स्पष्ट मत असं की ऑक्टेन हा सगळ्यात शेवटी ठरवायचा आकडा आहे. आधी इंजिन मोजायचं, मग आपण कुठे आणि कशी चालवतो ते बघायचं, मग वाटेतल्या पंपांवर काय मिळतं ते. आणि मेळ बसत नसेल तर पेट्रोल शोधत हिंडण्यापेक्षा इंजिन थोडं मवाळ करायचं. पुढची पावलं त्याच क्रमाने आहेत. आकडे टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या दोन सिलिंडरच्या इंजिनांचे आहेत, कारण मॉडिफाय केलेल्या स्लेड बहुतेक त्याच असतात.

आधी एवढं समजून घ्या

ऑक्टेन वाढवल्याने ताकद वाढत नाही. प्लगची ठिणगी पडली की ज्वाळा मधून भिंतीकडे सरकते. तिच्या पुढचं, अजून न जळलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने तापत असतं. ते फारच तापलं तर ज्वाळा पोहोचायच्या आतच एकदम पेटतं. हेच नॉकिंग, म्हणजेच डिटोनेशन. ऑक्टेनचा आकडा सांगतो की हे पेट्रोल अशा अकाली पेटण्याला किती काळ दाद देत नाही. ही मोजपट्टी ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ साली सुचवली: आयसो-ऑक्टेनला १००, नॉर्मल हेप्टेनला ०. ज्या पेट्रोलचा आकडा ८७, ते नॉकिंगच्या बाबतीत ८७ टक्के आयसो-ऑक्टेन आणि १३ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं.

कारमध्ये नॉकिंग कानाला कळतं, चढावर टकटक ऐकू येते. स्लेडवर तसं होत नाही. डोक्यावर हेल्मेट, खाली पट्ट्याचा खडखडाट, आणि इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर ओरडत असतं. तुम्हाला पहिली बातमी मिळते ती पिस्टनची रिंग तुटल्यावर किंवा पिस्टनला भोक पडल्यावर. म्हणून इथे कानावर भरवसा न ठेवता मोजमापावर ठेवायचा.

पाऊल १: आकडा कोणत्या पद्धतीचा आहे ते बघा

भारतातल्या पंपावर आपण जे ९१, ९५ किंवा १०० पाहत आलो, ते ‘रॉन’ पद्धतीचे आकडे. ही चाचणी इंजिन ६०० फेऱ्यांवर ठेवून होते. ‘मॉन’ नावाची दुसरी, जास्त कडक चाचणी ९०० फेऱ्यांवर आणि १४९ अंश सेल्सियसपर्यंत तापवलेल्या मिश्रणावर होते. अमेरिका आणि कॅनडातल्या पंपावर या दोन्हींची सरासरी लिहिलेली असते. त्यामुळे इथलं ८७ हे साधारण रॉन ९१-९२ च्या घरात येतं आणि इथलं ९१ रॉन ९५-९६ च्या.

हे ध्यानात न घेतल्याने महागात पडणारे घोटाळे होतात. फिनलंड-स्वीडनकडच्या एखाद्या कारागिराने बनवलेल्या हेडसोबत ‘९८ वापरा’ असं लिहिलेलं असेल, तर ते रॉन ९८ आहे. इथल्या पंपावर ते साधारण ९३ होतं. रेस फ्युएलच्या (शर्यतीच्या पेट्रोलच्या) डब्यावर तर कधी रॉन ठळक छापलेलं असतं, कधी मॉन. डब्यावरचे तिन्ही आकडे शोधा आणि मॉनकडे जास्त लक्ष द्या. आपलं इंजिन जोरात फिरणारं आणि गरम चालणारं आहे, त्या परिस्थितीच्या जवळ मॉनच जातो.

पाऊल २: काय काय बदललंय त्याची यादी करा

आधीच्या मालकाला फोन करा, पावत्या मागा, हेडवर कोरलेले आकडे वाचा. प्रत्येक बदलाचा ऑक्टेनशी संबंध सारखा नसतो. नुसता सायलेन्सर बदललेला असेल तर फरक नगण्य. क्लचचे वजन-स्प्रिंग, ट्रॅक, सस्पेन्शन यांचा संबंधच नाही. ट्यून्ड पाइप, पोर्टिंग (सिलिंडरमधल्या वाटा मोठ्या करणं) आणि मोठा बोअर (सिलिंडरचा व्यास) यांनी सिलिंडरमध्ये भरणारं मिश्रण वाढतं, म्हणजे दाब वाढतो. हेड किंवा त्याचे डोम (आतले घुमट) बदलले असतील तर तो थेट ऑक्टेनचाच मामला. ठिणगीची वेळ ठरवणारी टायमिंग की बदललेली असेल किंवा ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) नवा नकाशा टाकलेला असेल तर तोही.

पाऊल ३: कॉम्प्रेशन मोजा

इंजिन कोमट करा. दोन्ही प्लग काढून त्यांच्या कॅप अर्थिंगला लावा, टेदर (इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी) ओढून ठेवा. गेज एका सिलिंडरला घट्ट बसवा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि काटा पुढे सरकायचा थांबेपर्यंत स्टार्टरची दोरी ओढत राहा. मग दुसरा सिलिंडर. दोघांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत आली तर ऑक्टेनचा विचार बाजूला ठेवा, आधी रिंग आणि गॅस्केट बघा.

इंजिन बांधणाऱ्यांमध्ये समुद्रसपाटीजवळच्या भागासाठी चालणारा ढोबळ अंदाज असा: १३० पीएसआयच्या आत असेल आणि टायमिंगला (ठिणगीच्या वेळेला) हात लावलेला नसेल, तर कंपनीच्या पुस्तिकेतलं पेट्रोल चालतं. १३० ते १४५ मध्ये पंपावरचं ९१ किंवा ९३, तिथे तडजोड नाही. १५० च्या पुढे रेस फ्युएल मिसळावं लागतं, आणि १६५-१७० च्या वर फक्त रेस फ्युएलचाच विचार करायचा. हेडचा आकार चांगला असेल तर या रेषा थोड्या वर सरकतात, वाईट असेल तर खाली. हेड बनवणाऱ्याने स्वतः आकडा दिला असेल तर तोच धरा. आणि गेज-गेजमध्ये फरक असतो, म्हणून दरवेळी एकच गेज वापरा.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. उंचावर मोजलेला आकडा खाली लागू पडत नाही. समुद्रसपाटीला १३० दाखवणारं इंजिन २,४०० मीटरवर शंभराच्या आसपास दाखवतं, कारण तिथे हवेचा दाब पाऊणच उरतो. वायोमिंग-मोंटानाच्या डोंगरांतून आलेल्या स्लेडमध्ये ही कसर भरून काढायला मुद्दाम जास्त कॉम्प्रेशनचं हेड बसवलेलं असतं. तिथे ती पंपावरच्या पेट्रोलवर बिनघोर चालते. तीच स्लेड मिनेसोटातल्या तळ्यावर आणून ताणली तर पिस्टन जातो. डोंगरी भागातून जुनी स्लेड विकत घेत असाल तर हेडची चौकशी केल्याशिवाय सुरूही करू नका.

पाऊल ४: स्क्विश मोजा

पिस्टन सगळ्यात वर आल्यावर त्याच्या कडेचा भाग आणि हेड यांत जी फट उरते, ती स्क्विश. ही फट बरोबर असेल तर कडेचं मिश्रण जोरात मधे ढकललं जातं आणि नॉकिंगची शक्यता कमी होते. फट फार मोठी असेल तर कॉम्प्रेशन कमी असूनही इंजिन नॉक करतं. नवे लोक कॉम्प्रेशन मोजून थांबतात, म्हणून या पावलावर मी जास्त वेळ घालवतो.

सुमारे तीन मिलिमीटर जाडीची मऊ सोल्डरची तार घ्या. प्लगच्या भोकातून आत सोडायची, आणि टोक सिलिंडरच्या भिंतीला टेकेल अशी वाकवायची. टोक पिस्टन पिनच्या दिशेनेच टेकलं पाहिजे. दुसऱ्या दिशेला पिस्टन किंचित कलतो आणि माप खोटं येतं. आता दोरी हळूहळू ओढून पिस्टन सर्वोच्च बिंदूच्या पलीकडे न्या. तार बाहेर काढली की तिचं टोक पापुद्र्यासारखं चपटं झालेलं दिसेल. अगदी टोकाची जाडी व्हर्नियरने मोजा. पिनच्या दोन्ही बाजूंना आणि दोन्ही सिलिंडरांत हेच करा. मोठ्या बोअरच्या ट्रेल इंजिनात साधारण १.२ ते १.५ मिलिमीटर आलं तर छान. दोन मिलिमीटरच्या वर गेलं, तर पेट्रोल बदलण्याआधी गॅस्केट किंवा हेड बदलण्याचा विचार करा. तो खर्च एकदाच होतो, रेस फ्युएलचा दर आठवड्याला.

पाऊल ५: टायमिंग

ठिणगी जितकी आधी, तितका दाब जास्त आणि ऑक्टेनची गरज जास्त. टायमिंग की ‘दोन-चार अंशांची’ म्हणून विकली जाते आणि लोक ती सहज बसवतात. माझं मत: पंपावरच्या पेट्रोलवर ट्रेल फिरणाऱ्या माणसाने मॉडिफाय हेड आणि वाढवलेलं टायमिंग या दोन गोष्टी एकत्र करू नयेत. एक निवडा. ईसीयूचा नकाशा विकत घेतला असेल तर तो कोणत्या पेट्रोलसाठी बनवलाय हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या.

टर्बो असेल तर इथे अंदाजाला जागाच नाही. डोंगरात गेल्यावर साध्या इंजिनाची ऑक्टेनची भूक घटते, टर्बोची घटत नाही, कारण टर्बो हवेचा दाब परत भरून काढतो. स्की-डूने २०२० मध्ये आणलेली कारखान्यातलीच ८५० टर्बो ८,००० फुटांपर्यंत १६५ अश्वशक्ती टिकवते, ती याच जोरावर. बाहेरून बसवलेल्या टर्बोत बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि पेट्रोल ही जोडी ट्यूनरने ठरवलेली असते. त्यातलं एक बदललं की दुसरं बदलायलाच हवं.

पाऊल ६: आपण कुठे आणि कशी चालवतो

झाडीतल्या वळणांच्या ट्रेलवर थ्रॉटल सारखं कमी-जास्त होतं, इंजिनाला दम घ्यायला फुरसत मिळते. मिनेसोटातल्या मिल लॅक्ससारख्या गोठलेल्या तळ्यावर मिनिटभर पूर्ण थ्रॉटल धरला की पाइप तापतो, पिस्टन तापतो, आणि जे इंजिन जंगलात सुरळीत चाललं तेच इथे नॉक करू लागतं. पेट्रोल निवडताना आपल्या सगळ्यात वाईट मिनिटाचा विचार करायचा, सरासरी दिवसाचा नाही.

अशा बहुतेक स्लेडला कारसारखा पुढे रेडिएटर नसतो. ट्रॅकवरच्या धातूच्या आवरणाखाली (टनेलखाली) असलेल्या कूलरवर ट्रॅकने उडवलेला बर्फ आपटतो आणि पाणी थंड होतं. तळ्यावरचा नागडा बर्फ किंवा कडक झालेला ट्रेल असेल तर सैल बर्फ उडतच नाही, आणि उणे पंधराच्या थंडीतही इंजिन उकळायच्या बेतात येतं. तापमान वाढलं की नॉकिंगची रेषा जवळ येते. आइस स्क्रॅचर बसवा. ती वाकडी स्प्रिंग बर्फ खरवडून कूलरवर उडवते. मॉडिफाय केलेल्या इंजिनाला मी ही चैनीची वस्तू मानत नाही.

थंडीचा परिणाम उलटा वाटतो, म्हणून नीट वाचा. उणे तीस अंशांची हवा शून्य अंशाच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) शून्य अंशाला जुळवून बसवले असतील तर अशा थंडीत मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि पातळ मिश्रणाने झालेलं नुकसान कितीही ऑक्टेन ओतलं तरी थांबत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या हवेचं तापमान स्वतः मोजतात, पण मूळ नकाशावर मोठा पाइप लावला असेल तर त्यांचाही हिशेब चुकतो.

पाऊल ७: पंपावर

आता आकडा ठरला. समजा ९१ आला. इथून पुढे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, इथेनॉल. तेवढ्याच हवेसाठी १० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल साध्या (इथेनॉल नसलेल्या) पेट्रोलपेक्षा थोडं जास्त लागतं: साध्याच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, याच्या एका भागाला साधारण १४.१. म्हणजे साध्या पेट्रोलवर जेट बसवलेल्या कार्बमध्ये ते ओतलं की मिश्रण तीन-चार टक्के पातळ. एकतर कायम साधं भरा, नाहीतर जेट बदला, अदलाबदल करत राहू नका. १५ टक्केवाल्याला तर हातच लावू नका. अमेरिकेत ते २००१ आणि नंतरच्या गाड्यांना चालतं, पण स्नोमोबाइलला वापरण्यास मनाई आहे. मिनेसोटात बऱ्याच पंपांवर इथेनॉल नसलेलं ९१ स्लेड, बोटी आणि जुन्या गाड्यांसाठी वेगळं मिळतं. माझी पसंती त्यालाच.

इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि थंडीत ते पाणी धरून ठेवण्याची त्याची ताकद कमी होते. एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन दोन-तीनने घसरतो. उन्हाळाभर टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल मॉडिफाय केलेल्या इंजिनात वापरू नका, कारमध्ये थोडं थोडं मिसळून संपवा. इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये वरून अल्कोहोलचं अँटिफ्रीझही घालू नका.

दुसरी, नळी. एकाच नळीतून तीनही ग्रेड देणाऱ्या पंपावर आधीच्या गिऱ्हाइकाचं साधारण लिटरभर पेट्रोल नळीत उरलेलं असतं. कारच्या टाकीत ते जाणवत नाही, पाच लिटरच्या कॅनमध्ये चांगलंच जाणवतं. आधी दोन-तीन लिटर कारमध्ये घाला, मग कॅन भरा. आणि कॅन भरताना तो गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवा. पिकअपच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर ठेवून भरलात तर स्थिर विजेच्या ठिणगीने आग लागू शकते.

तिसरी, आडगावचा पंप. मोठ्या फेरीवर निघताना वाटेतले पंप आधीच नकाशावर बघून ठेवा आणि शक्य असेल तिथे फोन करून प्रीमियम आहे का विचारा. कोलोरॅडोच्या उंच भागात तर ८५ सुद्धा विकलं जातं.

पाऊल ८: रेस फ्युएल मिसळायचं असेल तर

हिशेब सोपा आहे: आकारमानाच्या प्रमाणात सरासरी. तीन गॅलन ९१ आणि एक गॅलन ११० म्हणजे (२७३ + ११०) ÷ ४, साधारण ९५.७. दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे हवेत. कोरड्या, स्वच्छ कॅनमध्ये मिसळा, टाकीत नाही. गरजेपेक्षा दोन आकडे जास्त ठेवलेत तर पुरे. त्याहून जास्त ऑक्टेनने काही मिळत नाही, उलट शर्यतीसाठी बनवलेलं काही पेट्रोल कडक थंडीत नीट वाफ होत नाही आणि स्लेड सुरू व्हायला त्रास देते.

डब्यावर शिसं असल्याचं लिहिलंय का बघा. शिसं ऑक्सिजन सेन्सर खराब करतं आणि माणसालाही विषारी आहे. हातमोजे घाला, तोंडाने नळी ओढू नका, बंद गॅरेजमध्ये ओतू नका. विमानाचं १०० एलएल काही जण सुचवतात. त्यात शिसं असतं, आणि ते पंपाच्या पेट्रोलपेक्षा हलकं असल्याने जेटिंगही बदलतं. नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. दुकानातल्या ऑक्टेन बूस्टरवर ‘१० पॉइंट’ लिहिलेलं असलं तर अनेकदा त्याचा अर्थ पूर्ण एक आकडा एवढाच असतो. ९१ चं ९२ होतं, १०१ नाही.

पाऊल ९: खात्री करून घ्या

नवे प्लग बसवा. मॉडिफाय इंजिनाला बहुतेकदा एक पायरी थंड प्लग लागतो, हेड बनवणाऱ्याला विचारा. इंजिन पूर्ण तापल्यावर सुरक्षित, सरळ जागेत लांब पूर्ण थ्रॉटल घ्या, थ्रॉटल सोडण्याआधीच टेदरने इंजिन बंद करा आणि तिथेच प्लग काढा.

भिंग हवं. प्लगमधल्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसले तर नॉकिंग सुरू झालेलं आहे. त्यात चकचकीत बारीक मणी दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तिथून पुढे एक मीटरही चालवू नका, ओढून घरी आणा. फोनला जोडायचा स्वस्त बोअरस्कोप प्लगच्या भोकातून घालून पिस्टनची कड बघा. वाळूने घासल्यासारखी खरखरीत झाली असेल तर निदान पक्कं. थेट इंजेक्शनच्या इंजिनात प्लगचा रंग फारसा बोलत नाही, तिथे बोअरस्कोपच खरा.

एक्झॉस्टच्या तापमानाचं गेज लावलं असेल तर ही गोष्ट माहीत असू द्या: नॉकिंगमध्ये उष्णता पिस्टन आणि हेडमध्ये शिरते, त्यामुळे पाइपमधलं तापमान घसरू शकतं आणि पाण्याचं चढतं. एक्झॉस्टचा काटा खाली आला म्हणून निश्चिंत होऊ नका. नॉक सेन्सर असलेल्या स्लेडमध्ये ईसीयू टायमिंग मागे घेतो, इंजिनाच्या फेऱ्या अचानक कमी होतात, डॅशवर दिवा लागतो. दिवा विझला म्हणून पुन्हा ताणू नका.

आणि वाटेत टाकी कोरडी पडत आली असताना फक्त ८७ मिळालं तर? भरा, पण जेवढ्यात पुढचा पंप गाठता येईल तेवढंच. शिल्लक ९१ मध्ये मिसळलं तर अधिक बरं. थ्रॉटल निम्म्याच्या वर नेऊ नका, तळं टाळून ट्रेलने जा, सैल बर्फाच्या कडेने चालवून कूलर थंड ठेवा, आणि पाण्याच्या तापमानावर नजर ठेवा. प्रीमियम मिळालं की टाकी गच्च भरा, आणि पहिले काही किलोमीटर तसेच सबुरीने काढा. तळाशी उरलेलं ८७ तोवर मिसळून जातं.